चांदनीची नळी

प्रेमसिंगनं तुरीच्या वावराला काटेरी तार ओढली ती रानडुकरांसाठी. तूर फुलावर आली होती आणि डुकरांचा कळप येऊन ओळीच्या ओळी उखडून टाकत होता. प्रेमसिंगनं स्वतः खांब रोवले, तार ताणली, आणि तांड्यावर परत येऊन हंसाबाईला सांगितलं की आता तुरीची काळजी सोड. डुकरं खरंच अडली. पण त्याच आठवड्यात त्यांची म्हैस चांदनी चरून परतताना नेहमीसारखी वावरातून आडवी निघाली. पुढचे पाय तारेपलीकडे गेले, मागचे टाकताना कास काट्यांत अडकली. ती झटका देऊन सुटली आणि घरी येऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

हंसाबाईला कळलं ते धार काढायला बसल्यावर. मागचा उजवा सड धरला तर तळहात रक्तानं भरला. पिळून पाहिलं तर दूध टोकातून आलंच नाही, सडाच्या मधूनच, बाजूच्या फाटीतून गळायला लागलं. ती थोडा वेळ चांदनीच्या पोटाला डोकं टेकून बसली. मग उठून नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या तारेनं केलं हे."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. काही सांगायचं झालंच तर चांदनीला सांगायची. "चांदनी, तुह्या मालकाले म्हण, पानी संपलं." प्रेमसिंग तिथंच उभा असायचा. तो मुकाट्यानं बादली उचलायचा.

चांदनी त्यांना पोटच्या लेकरासारखी होती, असं लोक म्हणायचे. पण पोटची लेकरं पुण्याला कामाला होती आणि चांदनी दारात होती, एवढा फरक होताच. तिची आई साप चावून मेली तेव्हा चांदनी अगदी लहान होती. दोघांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. थंडीत ती ओसरीवर झोपायची आणि प्रेमसिंग आपलं घोंगडं तिच्यावर टाकून स्वतः कुडकुडत बसायचा. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून नाव चांदनी. आता तिची स्वतःची वगार होती, दुधावरची छोटी पारडी.

निरोप मिळाल्यावर सरकारी दवाखान्यातली डॉक्टर उर्वशी स्कूटीवर आली. दिग्रसची मुलगी, नोकरीला लागून दुसरं वर्ष चाललेलं. तांड्यावरच्या लोकांना सुरुवातीला ही एवढीशी पोरगी म्हशीला कशी आवरेल असं वाटायचं. पण तिचा हात हलका होता आणि ती जनावराशी बोलत बोलत काम करायची, त्यामुळे लोक तिला मानायला लागले होते. तिनं चांदनीला दोरानं आडवी पाडून घेतली, सडाच्या मुळाशी बधीर करायचं इंजेक्शन दिलं आणि जखम धुऊन टाके घातले. आधी आतल्या पडद्याला, मग मधल्या थराला, मग कातडीला. बराच वेळ लागला. टाके सुरेख बसले होते. तरी निघताना तिनं सांगून ठेवलं की सडाच्या जखमेचा भरवसा देता येत नाही.

तिला ठाऊक होतं, का ते. माणसाच्या हाताला लागलं तर हात गळ्यात बांधून ठेवता येतो. सडाला आराम नसतो. सकाळ-संध्याकाळ दूध उतरतं, सड फुगतो, टाके ताणले जातात. दूध काढावं तर बोटांनी टाके ओढले जातात, न काढावं तर दाबानं सुटतात. यावर उपाय म्हणून धातूची एक बारीक नळी असते. ती टोकातून आत घालून दूध काढायचं. उर्वशीनं ती हंसाबाईला वापरायला शिकवली होती. पण नळी कडक, आणि रोज दोनदा आत घालायची म्हणजे चांदनी लाथ झाडणार. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं अशी लाथ झाडली की नळी एकीकडे आणि बादली एकीकडे. टाके उसवले. दूध पुन्हा बाजूनं गळायला लागलं.

उर्वशी पुन्हा आली. जखम पाहून तिनं दोघांना समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. हा सड आटवून टाकता येईल. म्हैस तीन सडांवर दूध देते, पुष्कळ म्हशी देतात. पुन्हा टाके घालून पुन्हा उसवले आणि त्यातून कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून दगडासारखी झाली, तर त्रास वाढेल.

प्रेमसिंग खाली मान घालून ऐकत होता. हंसाबाई म्हणाली, "बाई, लंगडं मानूसबी चालते. म्हणून कोनी आपला पाय कापू देते का?"

"नाही देत," उर्वशी म्हणाली.

"मंग अजून काही असन तं पाहा. घाई नाई माही."

आर्णीला घरी परतताना उर्वशीच्या डोक्यात तेच होतं. बाजारात मऊ प्लास्टिकच्या, सडात ठेवून देता येणाऱ्या नळ्याही मिळत. तिनं एक मागवून पाहिली होती. ती परदेशी गाईंच्या मापाची होती. चांदनीच्या लांब, जाड सडात ती जखमेपर्यंत पोचतच नव्हती.

उर्वशीचा नवरा संघर्ष आर्णीत दातांची लॅब चालवायचा. मोबाईलच्या दुकानावर एक खोली, खिडकीशी टेबल, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. दिग्रस, पुसद, आर्णीचे दातांचे डॉक्टर त्याच्याकडे साचे पाठवायचे, काही तर एसटीच्या कंडक्टरच्या हाती, आणि तो त्यावरून कवळ्या करून द्यायचा. गावात कोणी कोणी त्याला "डॉक्टरीणबाईचे मिस्टर" म्हणायचं. त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याला वाटायची ती जनावरांची भीती. लहानपणी पोळ्याच्या दिवशी एका बैलानं त्याला शिंगांवर घेऊन उकिरड्यात टाकलं होतं. तेव्हापासून रस्त्यात गाय आडवी आली तरी तो गाडी वळवून दुसऱ्या गल्लीनं जायचा. लग्न ठरताना त्यानं उर्वशीला हे आधीच सांगितलं होतं. ती हसली होती, आणि त्याला कधी आपल्या कामाच्या वाटेला नेणार नाही असं तिनं कबूल केलं होतं.

त्या संध्याकाळी ती लॅबमध्ये स्टुलावर बसून त्याचं काम आटपायची वाट पाहत होती. तो एका कवळीच्या आतून गुलाबी, मऊसर काहीतरी बसवत होता. तिनं कापून पडलेला तुकडा उचलला आणि बोटांत दाबून पाहिला.

"हे काय आहे?"

"कवळीचं अस्तर. म्हाताऱ्या मानसाच्या हिरड्या नाजूक असतात, कडक कवळी टोचते. म्हणून खालून हे मऊ देतो. तोंडात राह्यते, खराब होत नाई, उकळलं तरी चालते."

उर्वशीनं तो तुकडा वळून लांबट केला. "याची नळी होईल का?"

"कोनाच्या तोंडासाठी?"

"तोंड नाही. म्हशीचा सड."

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. तिनं सगळं सांगितलं: तार, टाके, लाथ, हंसाबाईचं बोलणं. तो ऐकत ऐकत कागदावर रेघा ओढायला लागला. आत राहील अशी मऊ नळी, बाहेर टोकाला बसेल अशी कॉलर, कॉलरला छोटंसं बूच. दूध काढायच्या वेळी फक्त बूच उघडायचं. सडाला हात लावायचाच नाही.

"पन माप पाह्यजे," तो म्हणाला. "मापाबिगर मी एक दात करत नाई. लांबी तू आणशीन. टोकाचा आकार तुले नाही आणता येणार, त्याचा साचा घ्या लागते." एवढं बोलून तो थांबला. साचा घ्यायचा म्हणजे कोणी घ्यायचा, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

उर्वशीनं हातातला तुकडा परत टेबलावर ठेवला. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"लाथ कोनत्या बाजूनं मारते?" त्यानं विचारलं.

"दोन्ही बाजूंनी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या स्कूटीमागं बसून तांड्यावर गेला. मांडीवर डबा, डब्यात साचे घ्यायची पावडर, वाटी, कालथा. ही पावडर पाण्यात कालवली की लापशीसारखी होते आणि थोड्याच वेळात रबरासारखी घट्ट बसते. माणसाच्या दातांचे साचेही असेच घेतात. लोक जमले. डॉक्टरीणबाईंनी दातांचा डॉक्टर आणला, म्हशीला कवळी बसवणार, अशी बातमी तांडाभर झाली होती. उर्वशी चारचौघांत नवऱ्याला अहो-जाहो करायची. "तुम्ही इकडून बसा, मी पाय बांधते," ती म्हणाली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो बसला.

साचा चांगल्या, डाव्या सडाचा घ्यायचा होता. थंड लागून चांदनी बिथरेल म्हणून त्यानं पावडर कोमट पाण्यात कालवली, पेल्यात भरली आणि पेला हळूच खालून सडाला लावला. चांदनी हलली नाही. तिनं कान मागं टाकले, मान वळवली आणि संघर्षच्या डोक्यावरून जीभ फिरवली. मग कोमट, ओलं, चहूबाजूंनी धरणारं असं काहीतरी सडाला लागल्यावर तिनं जे करायचं तेच केलं. तिनं पान्हा सोडला. पेला भरला, लापशी दुधात विरघळून संघर्षच्या बाहीतून कोपरापर्यंत आली, आणि तो जागचा उठू शकत नव्हता, कारण चांदनी अजून त्याचे केस चाटत होती.

हंसाबाईला हसू आवरेना. "तिले वाटलं वगार आली," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. खांबाआड उभा असलेला प्रेमसिंगही हसत होता. हसता हसता दोघांची नजरानजर झाली. हंसाबाईनं लगेच तोंड फिरवलं, पण तिचं हसू थांबायला वेळ लागला. मग तिनं चांदनीला सांगितलं की मालकाला म्हण, पाहुण्यांच्या अंगावर दूध सांडलं, धुवायला पाणी आण.

आधी सगळं दूध काढून घेतलं, मग पुन्हा साचा घेतला. या वेळी पाणी गार होतं. चांदनीनं पाय उचलला, पण प्रेमसिंगनं तिच्या कानामागं खाजवत तिला बोलण्यात गुंतवलं आणि साचा निघाला. सडाच्या आतल्या वाटेची लांबी उर्वशीनं सळईनं मोजून घेतली. त्या रात्रीपासून लॅबच्या फळीवर जबड्यांच्या ओळीत प्लास्टरचा एक सड उभा राहिला. कवळ्या न्यायला येणारे लोक त्याकडे पाहायचे आणि विचारायला लाजायचे.

जखमेची सूज उतरेपर्यंत टाके पुन्हा घालता येणार नव्हते, त्यामुळे हातात वेळ होता. उर्वशीनं कॉलेजातल्या आपल्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं. मग सांगितलं की नळी दर वेळी उकळलेली हवी, बूच घट्ट हवं, कास रोज तपासायची आणि दगडीची जरा शंका आली तर नळी काढून टाकायची, मोहात पडायचं नाही. मालकांना हे नवं आहे, आजमावलेलं नाही, हे स्पष्ट सांग, असंही म्हणाले. तिनं तांड्यावर जाऊन तसंच सांगितलं. हंसाबाईनं विचार करून हो म्हटलं, आणि प्रेमसिंगला काय वाटतं ते विचार, असं चांदनीला सांगितलं. प्रेमसिंगनंही मान हलवली.

पहिली नळी आजमावायला म्हणून एका सकाळी आत घातली. दुसऱ्या दिवशी हंसाबाई स्वतः दवाखान्यात आली. धुऊन, स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिनं नळी परत आणली होती. गोठ्यात पडलेली सापडली. वगारीनं थोडी चावलीही होती.

संघर्षनं ती हातात फिरवून पाहिली. आत धरून राहायला काहीतरी हवं होतं. त्यानं नळीच्या वरच्या टोकाला दोन पातळ पाकळ्या दिल्या. बारीक सळईवर नळी ताणली की त्या मिटायच्या, आत जाऊन सळई काढली की उघडायच्या. बोलायला सोपं होतं. पाकळ्या जाड झाल्या तर मिटेनात, पातळ झाल्या तर फाटायला लागल्या. किती साचे वाया गेले. आजमावून पाहायला सडासारखं मऊ, अरुंद भोकाचं काही हवं, म्हणून त्यानं मेडिकलमधून लहान बाळाच्या बाटलीची निपलं आणली. दोन दिवसांनी ती फाटली म्हणून आणखी आणली. मेडिकलवाल्यानं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. संघर्षला घाईत काही उमगलं नाही, तो थँक्यू म्हणून निघून आला.

रविवारी त्याची आई इंदूबाई दिग्रसहून एसटीनं आली ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच. आल्या आल्या तिनं सुनेला खाली वाकू नको, स्कूटी चालवू नको असं बजावलं. मेडिकलवाल्यानं अभिनंदन कशाचं केलं ते संघर्षला आता उमगलं. मग त्यानं आईला लॅबमध्ये नेलं आणि फाटलेली निपलं, नळ्या, प्लास्टरचा सड असं सगळं दाखवलं. इंदूबाईनं तो सड हातात घेऊन फिरवून पाहिला.

"म्हणजे म्हशीसाठी आनलं हे सारं?"

"हाव, आई."

"बरं," ती म्हणाली. "मंग म्हशीचं तरी नीट करा." आणि डबा उघडून तिनं दोघांपुढं लाडू ठेवले. संध्याकाळच्या गाडीनं जायच्या ऐवजी ती मुक्कामी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी नळी उकळायचं भांडं, फडकं, चिमटा, सगळं घासून-पुसून तिनंच लावून दिलं.

दुसऱ्यांदा टाके घालायच्या दिवशी संघर्षला जावंच लागलं, कारण पाकळ्या मिटून नळी आत सोडायची युक्ती त्याच्याच हाताला बसली होती. चांदनीला आडवी पाडली. उर्वशीनं जखमेच्या कडा ताज्या केल्या. तिच्या कपाळावर घाम आला तरी ती मान वर करत नव्हती. "आता दे," ती म्हणाली, "हळू, अजून, आता सळई ओढ. ओढ ना रे." चारचौघांत ती त्याला पहिल्यांदाच असं बोलली आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. त्यानं सळई ओढली. नळी आत धरून राहिली. बाहेरची कॉलर टोकाशी अशी बसली की जणू सडाबरोबरच वाढली होती. मग तिनं थरांवर थर टाके घातले. तो तिच्या शेजारी, म्हशीच्या पोटाला टेकून बसला होता आणि तिच्या बोटांकडे बघत होता. आपण कशाला टेकलो आहोत हे त्याला चांदनी उठताना कळलं.

त्यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे होते. सकाळ-संध्याकाळ हंसाबाई हात धुऊन बूच उघडायची. दूध आपोआप खाली यायचं, कोणी न पिळता, शांतपणे. चांदनी चारा चघळत उभी असायची. वगार सडांना लागताना नळी ओढेल म्हणून तिला दूर बांधून बाटलीनं पाजावं लागे. ते काम प्रेमसिंगनं घेतलं. तो गोठा कोरडा ठेवायचा, पाणी उकळायचा, नळीचं बूच उकळून द्यायचा. उर्वशी रोज येऊन कास दाबून पाहायची. एकदा कास जरा गरम लागली. तिनं दूध तपासलं, इंजेक्शन सुरू केलं आणि नळी काढायची तयारी करूनच दुसऱ्या दिवशी आली. पण कास पुन्हा थंड लागली. नळी राहिली.

मध्यंतरी प्रेमसिंगनं काटेरी तार सगळी काढून गुंडाळून टाकली. डुकरं अर्थात परत आली. एका दुपारी हंसाबाईनं पेटी उघडली आणि आपली जुनी लुगडी-साड्या, लाल, हिरव्या, मोरपंखी, त्याच्यापुढं आणून टाकल्या. त्यातली मोरपंखी तिच्या लेकाच्या लग्नातली होती. वाऱ्यानं साड्या फडफडल्या की डुकरं बिचकतात, असं सगळ्या पट्ट्यात लोक करायचे. या वेळी तिनं चांदनीमार्फतही काही सांगितलं नाही. नुसत्या साड्या ठेवून गेली. प्रेमसिंगनं त्या खांबाखांबाला बांधल्या. मोरपंखी मात्र त्यानं झटकून, घडी घालून परत पेटीत ठेवली. हंसाबाईला ती दुसऱ्या दिवशी दिसली. त्या दिवशी त्याच्या ताटात भाकरीबरोबर ठेच्यावर जास्तीचं तेल होतं.

जखम भरली. टाके निघाले. नळी काढायच्या दिवशी उर्वशी आणि संघर्ष दोघं आले. उर्वशीनं सळई घालून पाकळ्या मिटवल्या आणि नळी अलगद बाहेर घेतली. सडावर एक वाकडी, गुलाबी रेघ राहिली होती. आता पिळून पाहायचं होतं.

हंसाबाई चरवी घेऊन बसली. सडाला हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी काढा," ती म्हणाली. "माह्यानं होत नाई."

प्रेमसिंग क्षणभर इकडेतिकडे पाहत राहिला, आपल्यालाच म्हणते की काय. मग तो येऊन तिच्या जागेवर बसला. त्यानं चांदनीच्या मांडीवर थोपटलं आणि सड धरला. पहिल्यांदा पिळलं तेव्हा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा टोकातून एक बारीक धार निघाली, चरवीच्या काठावर आपटली. तिसऱ्यांदा भरघोस आली. हंसाबाईनं खाली वाकून वाकड्या रेघेवर बोट फिरवलं, बोट पाहिलं. कोरडं होतं. तिनं ते पुन्हा फिरवलं, पुन्हा पाहिलं, मग नवऱ्याला दाखवलं.

"पाहा," ती म्हणाली.

"पाहून राह्यलो," तो म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते, त्याला काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. हंसाबाई तिथंच जमिनीवर त्याच्याजवळ टेकली आणि चरवी भरेपर्यंत उठली नाही. उर्वशीनं संघर्षला खुणावलं आणि दोघं गोठ्याबाहेर जाऊन बाजेवर बसले. आतून दोघा म्हाताऱ्यांचं गोरमाटीतलं, त्यांच्या बंजारा बोलीतलं बोलणं ऐकू येत होतं, सलग, न थांबता. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं. त्यातलं या दोघांना फारसं कळत नव्हतं. एका वेळी हंसाबाई रागावलेली वाटली, लगेच हसली.

चांदनीची गोष्ट आजूबाजूला पसरली. त्या वर्षी उर्वशीनं अशा नळीनं आणखी काही जनावरं बरी केली. सगळी झाली नाहीत. ढाणकीकडच्या एका गाईला दगडी झाली, सरांनी सांगितल्याप्रमाणे नळी लगेच काढली, तरी सड गेलाच. मालकानं दोष दिला नाही, पण उर्वशी दोन दिवस नीट जेवली नाही. संघर्षनं तिला समजावलं नाही. त्यानं ती नळी टेबलावर ठेवली आणि बूच कुठून झिरपलं असेल ते ती सांगेल तसं शोधत बसला. शेवटी बुचाच्या आतली कड उकळून उकळून ढिली होते असं दोघांच्या ध्यानात आलं, आणि पुढच्या नळ्यांना त्यानं बूच बदललं. यवतमाळला डॉक्टरांचा मेळावा भरला तेव्हा उर्वशीनं सगळं मांडलं, ढाणकीच्या गाईसकट. हे कोणी बनवलं असं विचारल्यावर तिनं मागच्या रांगेत बसलेल्या नवऱ्याला उभं केलं. तो उभा राहून पटकन खाली बसला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दिग्रसच्या वाटेवरच्या एका गावची पंचफुला नावाची बाई शेळी काखोटीला मारून थेट आर्णीला लॅबच्या जिन्यानं वर आली. बाभळीच्या काट्यानं शेळीचा सड फाटला होता आणि दातांच्या दुकानात त्याची नळी मिळते असं तिनं ऐकलं होतं. उर्वशीला फोन गेला, ती दवाखाना आटपून आली. तोवर संघर्षनं शेळीला आपल्या खुर्चीवर उभं केलं होतं, खाली वाकून सडाकडे भिंग लावून पाहत होता आणि म्हणत होता की हे फारच बारीक काम आहे, म्हशीची पाकळी इथं चालायची नाही. शेळी खिडकीतलं कॅलेंडर खात होती. उर्वशीनं पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि शेळीची मान धरली.

"घे माप," ती म्हणाली. "मी धरते."